एएमसी कुणाला द्यायची?

चालत्या धंद्यातली जुनी संगणक प्रणाली ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. तिच्यावर ‘बंद करू नये’ असा कागद चिकटवलेला असतो. कागद पिवळा पडलेला असतो, अक्षरे उडालेली असतात, आणि नवा लावायचा तर सेलोटेप ओढताना बटणाला धक्का लागेल या धास्तीने कुणी तो बदलत नाही. प्रणाली बहुधा जिन्याखालच्या नाहीतर स्टेशनरीच्या खोलीत नांदते. साहेबांच्या केबिननंतर एसी असलेली कारखान्यातली ही दुसरीच जागा, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत डबा खायला तिथे बरीच गर्दी होते. दर खंडेनवमीला सर्व्हरची साग्रसंगीत पूजा होते. हळद-कुंकू वरून, अक्षता पंख्याच्या जाळीतून आत. खोलून बघणारा इंजिनिअर अनुभवी असेल तर झेंडूच्या वाळक्या पाकळ्यांच्या थरांवरून तो यंत्राचे वय सांगतो.

आतला ऐवज कंपनीच्या ऐपतीप्रमाणे बदलतो. मोठ्या घराण्यांत आयबीएमचे एएस/४०० असते. ते १९८८ साली आले, पुढे कंपनीने त्याची नावे अनेकदा बदलली, पण खोलीतली माणसे त्याला अजून ‘एएस फोर हंड्रेड’च म्हणतात. बँका आणि विमा कंपन्यांच्या तळघरात कोबोल असते. तिचा जन्म १९५९ चा. आणि एमआयडीसीतल्या मध्यम कारखान्यात असते फॉक्सप्रो. ती मूळ फॉक्स सॉफ्टवेअर नावाच्या कंपनीची. मायक्रोसॉफ्टने १९९२ साली ही कंपनी विकत घेतली, २००४ साली फॉक्सप्रोची शेवटची, नववी आवृत्ती काढली आणि जानेवारी २०१५ मध्ये तिच्यावरचा उरलासुरला हातही काढून घेतला. ही बातमी एमआयडीसीत अजून पोचलेली नाही. तिथे रोज सकाळी गेटपास, चलन, स्टोअरचा साठा आणि हजेरी फॉक्सप्रोवरच उघडते आणि संध्याकाळी १३२ कॉलमच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर कर्र-कर्र करत बाहेर पडते. पुढचे विवेचन याच जातीला धरून आहे, कारण संख्याबळ तिचे आहे आणि तिला वाली कमी आहेत.

‘हे सगळं काढून नवं का घेत नाही?’ हा प्रश्न नव्याने रुजू झालेला माणूस पहिल्या आठवड्यात विचारतो आणि दुसऱ्या आठवड्यात विचारायचा बंद होतो. नवे घेण्याचा ठराव दर तीन-चार वर्षांनी होतच असतो. ईआरपीवाले येतात, पडदा लावतात, दिवे मालवतात आणि एक चलन तयार करून दाखवतात. त्यासाठी एक खिडकी उघडते, तिच्यातून दुसरी उघडते, मग गोल फिरणारे चक्र दिसते. तेवढ्या वेळात मागच्या रांगेतला डिस्पॅच क्लार्क जागेवर जाऊन सात, एन्टर, दोन, एन्टर, पार्टीचा कोड, एन्टर, एन्टर असे करून तीन चलने छापून, फाडून, शिक्का मारून परत आलेला असतो. तो पडद्याकडे बघतही नाही. त्याची नजर ट्रकच्या ड्रायव्हरवर असते. प्रश्नोत्तरांच्या वेळी ईआरपीवाले समजावतात, “तुमची प्रोसेस थोडी आमच्या सिस्टिमप्रमाणे बदलावी लागेल.” यावर स्टोअरकीपर विचारतो, “प्रोसेस म्हणजे मीच ना?” ठराव पुढच्या बैठकीकडे ढकलला जातो.

अशा प्रत्येक प्रणालीमागे एक माणूस असतो. संगणक विभागाला सगळे जग आयटी म्हणू लागले तरी कारखान्यात अजून ज्याला ईडीपी म्हणतात, त्या विभागात तो एकटाच असतो. प्रोग्राम त्याने लिहिला, त्यातल्या चुका त्यानेच पेरल्या आणि कोणती कुठे आहे हे त्याच्याच डोक्यात आहे. कालांतराने त्याला सगळे काका म्हणू लागतात. मग काका निवृत्त होतात. कँटीनमध्ये समारंभ होतो, शाल-श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ दिले जाते, साहेब ‘कंपनीचा आधारस्तंभ’ असे म्हणतात, फोटो निघतो. पासवर्ड विचारायचा राहतो. तो त्यांच्या थोरल्या मुलीच्या नावावर आहे एवढे सर्वांना ठाऊक असते. मुलीच्या लग्नाला सगळा कारखाना जेवून आलेला असतो. नाव कुणाला आठवत नाही.

काका गेल्यावरही यंत्र काही काळ गुमान चालते. या काळात ते आपल्यामुळेच चालते असे दोन-तीन जणांना वाटू लागते. संकट येते ते नव्या संगणकाच्या रूपाने. जुन्या फॉक्सप्रोचे आणि वेगाचे पूर्वीपासून वाकडे आहे. तिच्या काही आवृत्त्या सुरू होताना यंत्राचा वेग मोजतात. पेंटियमचे वेग वाढले तेव्हा मोजायला लागलेला वेळच शून्य भरू लागला, शून्याने भागायची पाळी आली आणि बाई ‘डिव्हाइड बाय झीरो’ म्हणून बसून राहिल्या. संगणक फार चांगला आहे म्हणून काम होत नाही, हे त्या वेळी कितीतरी मालकांना समजावून सांगावे लागले असेल. त्यावर मलमपट्टी निघाली. आता प्रकरण त्याहून पुढे गेले आहे. ६४ बिटांच्या विंडोजवर डॉसच्या काळातले १६ बिटांचे प्रोग्राम मुळात चालतच नाहीत, आणि नव्या डब्याला प्रिंटरचे जुने रुंद तोंडही नसते. डिस्पॅचचा संगणक जळतो, नवा येतो, चिन्हावर दोनदा टिचकी मारली जाते आणि विंडोज नम्रपणे सांगते की हा प्रोग्राम या संगणकावर चालणार नाही. बाहेर ट्रक उभा असतो. ड्रायव्हर हॉर्न वाजवत असतो. त्या दिवशीची चलने हाताने लिहिली जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक बोलावली जाते.

‘बाहेरची एजन्सी नेमून तिला एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचे कंत्राट, द्यावी’ हा निर्णय या बैठकीत एकमताने होतो, कारण त्यात आतल्या कुणालाच काही करावे लागत नाही. निर्णय वाटतो तितका नवा नाही. परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी कंपन्यांना भारतातील भागीदारी ४० टक्क्यांवर आणायला सांगितले, आयबीएमला ते मानवले नाही आणि १९७८ साली तिने इथला गाशा गुंडाळला. यंत्रे मात्र गिऱ्हाइकांच्या खोल्यांतच राहिली. ती सांभाळण्याचे काम सरकारच्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनकडे, म्हणजे सीएमसीकडे आले. दुसऱ्याने बनवलेले यंत्र तिसऱ्याने जगवायचे ही विद्या या देशाला तेव्हापासून अवगत आहे. सीएमसी पुढे २००१ साली टाटांकडे गेली आणि २०१५ मध्ये टीसीएसमध्ये विलीन झाली.

परदेशात हाच धंदा मोठ्या आकड्यांत चालतो. ओरॅकलसारख्या कंपन्या परवान्याच्या किमतीच्या साधारण २२ टक्के रक्कम दर वर्षी आधारासाठी घेतात. म्हणजे पाच वर्षांत गिऱ्हाईक तीच वस्तू पुन्हा एकदा विकत घेते आणि वर दहा टक्के दक्षिणा देते. यावर ‘आम्ही निम्म्यात करतो’ म्हणणारे त्रयस्थ उभे राहिले. एसएपीने २००५ साली टुमारोनाऊ नावाची अशीच एक कंपनी घेतली आणि तिच्यामार्फत ओरॅकलच्या गिऱ्हाइकांना स्वस्तात आधार द्यायला सुरुवात केली. आमच्या फायली परवानगीशिवाय उतरवून घेतल्या, असे म्हणत ओरॅकल २००७ साली कोर्टात गेली. २०१० मध्ये ज्यूरीने १३० कोटी डॉलरची भरपाई ठरवली. ती पुढे कमी झाली, पण तोवर टुमारोनाऊ बंद पडून दोन वर्षे उलटली होती. एमआयडीसीतल्या गिऱ्हाइकाला असला धोका नाही. त्याच्या फॉक्सप्रोवर कुणीच हक्क सांगायला येत नाही, आणि मूळ सीडी कुठे आहे हा विषय बैठकीत निघाला की सगळे खिडकीबाहेर बघतात.

एजन्सी शोधताना पहिली गाठ पडते मोठ्या आयटी कंपनीशी. तिचे पाच जण येतात. त्यांतला एक बोलतो, एक मान हलवतो, एक लॅपटॉप जोडतो आणि उरलेले दोघे कशासाठी आले ते शेवटपर्यंत कळत नाही. चहा होतो. “तुमचे पेन पॉइंट्स सांगा,” असे ते म्हणतात तेव्हा जनरल मॅनेजर आपल्या गुडघ्याबद्दल बोलू लागतात. आठवड्याने त्यांचा प्रस्ताव येतो. त्यात मुखपृष्ठावर पृथ्वीचा गोल असतो आणि निव्वळ पाहणीचा खर्च कारखान्यातल्या सगळ्या संगणकांच्या किमतीहून जास्त असतो. प्रस्तावाचा कागद जाड आणि गुळगुळीत असल्यामुळे तो बरीच वर्षे कपाटाच्या पायाखाली उपयोगी पडतो.

दुसऱ्या टोकाला हार्डवेअरवाला असतो. लॅमिंग्टन रोडवर किंवा तापकीर गल्लीत त्याची ऊठबस असते. कोणत्याही प्रश्नाला त्याचे उत्तर ‘होऊन जाईल’ हे असते आणि कोणत्याही आजारावर तो रॅम बदलतो. प्रोग्राममध्ये बिघाड आहे असे सांगितले तर तो जास्तीची रॅम टाकतो. या दोघांच्या मधोमध एकखांबी फर्म असते. तिच्या नावात ‘इन्फोटेक’ किंवा ‘सोल्युशन्स’ असते, कार्यालय राहत्या फ्लॅटच्या आतल्या खोलीत असते. फोनवर सेल्स, सर्व्हिस आणि अकाउंट्स यांसाठी एक, दोन, तीन दाबायला सांगितले जाते. काहीही दाबले तरी तोच आवाज येतो, फक्त अकाउंट्सच्या वेळी तो थोडा करडा होतो. खेरीज सल्लागार नावाचा एक वर्ग आहे. त्याने आयुष्यात फॉक्सप्रोची एक ओळ लिहिलेली नसते, पण एजन्सी कशी निवडावी यावर तो अडीच हजार शब्दांचा लेख लिहू शकतो. अशा लेखांचा कारखान्याला कितपत उपयोग होतो हे वाचकाला एव्हाना समजले असेल.

चौकशीपत्रे गेल्यावर प्रत्यक्ष पाहणी होते. एजन्सी आपल्याकडचा सगळ्यात तरुण इंजिनिअर पाठवते, कारण तोच मोकळा असतो. तो निळ्या पडद्याकडे बराच वेळ बघतो.

“माउस कुठंय?”

“नाहीये.”

“मग क्लिक कसं करता?”

“करत नाही.”

एवढ्यावर तांत्रिक पाहणी संपते. मग माहितीचा भाग सुरू होतो. रोज रात्री बॅकअप घेतला जातो का, याचे उत्तर छाती पुढे काढून ‘घेतला जातो’ असे मिळते. तो पूर्वी काका घेत. ते गेल्यापासून हजेरी विभागातल्या मॅडम न चुकता घेतात. घरी जाताना पेन ड्राइव्ह लावून पडद्यावरचे चिन्ह त्या त्यात ओढून टाकतात. फाइल एका क्षणात उतरते याचे श्रेय सर्व जण पेन ड्राइव्हच्या दर्जाला देतात. उतरते ते नुसते चिन्ह, आणि आतला माल जिथल्या तिथे राहतो, ही गोष्ट कुणी तपासलेली नसते. बॅकअप परत चढवून बघणे म्हणजे मॅडमवर अविश्वास दाखवणे होईल, असे सर्वांचे मत असते. इंजिनिअर वहीत ‘बॅकअप: ओके’ असे लिहितो.

प्रश्न एफ-८ पर्यंत येतो.

“हे बटण कशाचं?”

“ते दाबायचं नाही.”

“का?”

“काका सांगून गेलेत.”

“पण दाबलं तर काय होतं?”

“दाबलं तर कळेल ना. दाबायचं नाही म्हणून तर सांगून गेलेत.”

तीन कोटेशने आल्याखेरीज कारखान्यात शिपायाला छत्रीसुद्धा मिळत नाही. तीन बंद लिफाफे येतात आणि परचेस विभागात फोडले जातात. परचेस विभागाचा तुलनात्मक तक्ता बेअरिंग, बोल्ट आणि कटिंग ऑइल यांच्या खरेदीसाठी आखलेला असतो. त्यात नगावर दर, वजन, पॅकिंग-फॉरवर्डिंग आणि मालाचा नमुना पास की नापास असे रकाने असतात. संगणकाच्या देखभालीला वजन नसल्याने तिथे आडवी रेघ मारली जाते, आणि तीनही रेघा सारख्या असल्याने त्या बाबतीत तिघे समान ठरतात. परचेस मॅनेजरचा हात सवयीने फोनकडे जातो. “एका वर्षाचा रेट दिलात. दहा वर्षांचं एकदम घेतलं तर काय पडेल?” पलीकडचा गप्प होतो. “बरं, निदान राऊंड फिगर तरी करा.” रक्कम राऊंड होते. वरचा १८ टक्के जीएसटी राऊंड होत नाही, याचे परचेस मॅनेजरला मनापासून वाईट वाटते.

तिन्ही कोटेशनांना तज्ज्ञांची माहिती जोडलेली असते. मोठ्या कंपनीच्या प्रस्तावात ‘वरिष्ठ लेगसी आर्किटेक्ट’ असतो, एकखांबी फर्मकडे ‘टेक्निकल डायरेक्टर’ असतो आणि हार्डवेअरवाल्याकडे ‘आमचा माणूस’ असतो. तिघांचाही अनुभव ३० वर्षे, तिघांचेही प्रावीण्य चलन, साठा, हजेरी आणि गेटपास या चार विषयांत, आणि तिघांनीही ही सगळी वर्षे एकाच एमआयडीसीत काढलेली. नावे गोपनीयतेसाठी वगळलेली असतात. इतक्या निरनिराळ्या संस्थांकडे इतके सारखे तज्ज्ञ असावेत ही क्षेत्राच्या परिपक्वतेची खूण आहे, असा शेरा निवड समिती मारते.

काका स्वतः या सगळ्यात एकदा येऊन गेलेले असतात. महिन्याला पाच हजारांत बघतो, असे ते म्हणाले होते. त्यांना चहा पाजण्यात आला. मग वेंडर नोंदणीचा फॉर्म देण्यात आला: जीएसटी प्रमाणपत्र, तीन वर्षांची उलाढाल, पन्नास हजारांचा डिमांड ड्राफ्ट अनामत म्हणून, आणि ‘आपल्या संस्थेत एकूण किती कर्मचारी आहेत?’ काकांनी शेवटच्या रकान्यात ‘मी व सौ.’ असे लिहिले. फॉर्म अपूर्ण म्हणून परत गेला. शिवाय निवृत्त माणसाला पुन्हा घ्यायचे तर संचालक मंडळाचा ठराव लागतो, आणि संचालक मंडळ त्या वेळी गेस्ट हाऊसच्या पडद्यांचा रंग ठरवत होते. जाणकार माणूस हातचा जाऊ देण्याचा हा प्रकार फक्त इथलाच आहे असे मानू नये. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याची बेकारभत्त्याची जुनी यंत्रणा अर्जांच्या ओझ्याखाली वाकली, तेव्हा कोबोल जाणणारे स्वयंसेवक पुढे या, असे आवाहन गव्हर्नर फिल मर्फी यांना जाहीरपणे करावे लागले होते.

निवडीआधीची शेवटची पायरी म्हणजे संदर्भ. एजन्सीने दिलेल्या जुन्या गिऱ्हाइकांना फोन करून अभिप्राय घ्यायचा असतो. इथे प्रश्नापेक्षा उत्तरातली शांतता ऐकण्याची सवय लागते.

“माणूस कसा आहे?”

“चांगला आहे.”

“आणि काम?”

“माणूस फार चांगला आहे हो.”

हा अभिप्राय ‘अनुकूल’ म्हणून नोंदवला जातो. सर्वांत कमी दराचे कोटेशन मंजूर होते. ते आधीच ठरले होते असे म्हणणे समितीवर अन्याय होईल; समितीने तीन बैठका घेतल्या, आणि एका बैठकीत तर बटाटेवडेही होते.

करारनामा हा या विषयातला सगळ्यात कसदार वाङ्मयप्रकार आहे. त्याचे कॉम्प्रिहेन्सिव्ह आणि नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह असे दोन भेद आहेत. पहिल्यात सगळे येते. त्यातून प्लास्टिकचे भाग, प्रिंटरचे हेड, बॅटऱ्या, अडॅप्टर, केबली आणि वीज कमीजास्त झाल्याने होणारे नुकसान वगळलेले असते. दुसऱ्यात काही येत नाही. तेही याच अटींवर. दैवी आपत्तीच्या कलमात भूकंप, पूर, दंगल, युद्ध आणि उंदीर यांचा क्रमाने उल्लेख असतो. यांपैकी पहिल्या चारांचा अनुभव एमआयडीसीला क्वचित येतो, पाचव्याचा दर पावसाळ्यात. सेवेच्या वेळेचे कलम तर पुन्हा पुन्हा वाचावे असे असते. तक्रार नोंदवल्यापासून ‘प्रतिसाद’ चार तासांत देण्याचे वचन त्यात असते आणि ‘निराकरण’ हे ‘शक्य तितके’ असते. मालक चार तास हा आकडा वाचून सही करतात. पुढे चार तासांच्या आत फोन येतो, “तुमची तक्रार मिळाली,” आणि कराराची पूर्तता होते. सोबत एस्कलेशन मॅट्रिक्स म्हणून एक तक्ता असतो: पहिल्या पातळीवर इंजिनिअर, दुसऱ्यावर मॅनेजर, तिसऱ्यावर मालक. दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीचा मोबाइल नंबर एकच असतो आणि पहिल्या पातळीचा इंजिनिअर गेल्या महिन्यात नोकरी सोडून गेलेला असतो.

ताबा घेताना ज्ञानहस्तांतरण व्हावे असे शास्त्र सांगते. ज्ञान काकांकडे असते आणि हस्तांतरण त्यांच्या गैरहजेरीत होते. मागे राहिलेली असते एका बँकेने दिवाळीला भेट दिलेली डायरी. तिच्यात ‘मार्च एंडला आधी पगार मग साठा, उलटं नाही’, ‘इंडेक्स बिघडल्यास सर्वांना बाहेर काढणे’ अशी सूत्रे असतात. यातले दुसरे सूत्र अक्षरशः पाळावे लागते. फॉक्सप्रोची अनुक्रमणिका पुन्हा बांधायची तर फाइल दुसऱ्या कुणी उघडलेली चालत नाही. त्यामुळे एक जण जिन्यात उभा राहून ओरडतो, “सगळे बाहेर या!” सगळे प्रोग्राममधून बाहेर येतात, तरी पडद्यावर ‘फाइल अॅक्सेस इज डिनाइड’ दिसतच राहते. शोध घेतल्यावर कळते की स्टोअरमधला संगणक चालू ठेवून स्टोअरकीपर जेवायला गेला आहे आणि खोलीला कुलूप आहे. नवशिके कर्मचारी ही आरोळी ऐकून आग लागली असे समजून थेट गेटबाहेर जातात. त्यांनाही परत यायला वेळ लागतो.

नव्या एजन्सीला आपण आल्याचे दाखवून द्यावेसे वाटते, आणि त्यासाठी सगळ्यात सोयीची गोष्ट म्हणजे साफसफाई. पार्टींच्या यादीत फॅक्सचा एक रकाना असतो. फॅक्स यंत्र भंगारात जाऊन कितीतरी वर्षे झाली. शिवाय त्या रकान्यात फॅक्सचे नंबर नाहीतच. कुठे १झेड५, कुठे १झेडके, कुठे १झेडक्यू असा निव्वळ कचरा आहे. तरुण इंजिनिअर तो रकाना एका आज्ञेत रिकामा करतो आणि कामाच्या अहवालात ‘डेटा क्लीनिंग’ असे लिहितो. हे महिन्याच्या नऊ तारखेला घडते. अकरा तारखेला विक्रीचे जीएसटी विवरणपत्र भरायचे असते. त्या दिवशी दुपारी अकाउंट्समधून किंकाळी येते: एकाही गिऱ्हाइकाचा जीएसटी क्रमांक पूर्ण नाही, प्रत्येकाची शेवटची तीन अक्षरे गळाली आहेत.

झाले होते ते असे. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला. त्याआधीचा व्हॅटचा क्रमांक ११ आकडी, त्यापुढे व्ही किंवा सी; म्हणून काकांनी त्याला १२ घरांची जागा ठेवली होती. जीएसटी क्रमांक निघाला १५ अक्षरांचा: राज्याचे दोन आकडे, महाराष्ट्राला २७, मग दहा अक्षरांचा पॅन, मग नोंदणीचा अनुक्रम, बहुधा झेड आणि तपासणीचे एक अक्षर. जागा वाढवायची तर सगळे रिपोर्ट पुन्हा आखावे लागले असते आणि कायदा दुसऱ्या दिवशी सकाळी लागू होणार होता. काकांनी पहिली बारा अक्षरे जुन्या घरात कोंबली, उरलेली तीन फॅक्सच्या रिकाम्या खोलीत ठेवली आणि छापताना दोन्ही जोडली. डायरीत नोंद केली होती: ‘फॅक्सला हात लावू नये.’ ती वाचून, फॅक्स यंत्र नाजूक असावे, असा अर्थ एजन्सीने काढला होता.

मॅडमचा पेन ड्राइव्ह आणला जातो. त्यात एकाच चिन्हाच्या काही शे प्रती निघतात, तारीखवार लावलेल्या.

आता तक्त्यातल्या तिन्ही पातळ्यांवर फोन होतात. प्रतिसाद चार तासांच्या आत मिळतो. निराकरणासाठी ‘वरिष्ठ तज्ज्ञ’ पाठवत आहोत, असे एजन्सी कळवते. हे काम कराराबाहेरचे असल्याने त्याचे बिल वेगळे. संध्याकाळी गेटवर स्कूटर थांबते. वॉचमन ओळखपत्र न विचारता साखळी सोडतो. “काय काका, आज इकडं कुठं?” काका गळ्यातले एजन्सीचे ओळखपत्र खिशात कोंबत जिन्याखालच्या खोलीत शिरतात. आपल्या फाटक्या पिशवीतून ते एक हार्ड डिस्क काढतात. दर शनिवारी सगळ्या फायली घरी नेऊन ठेवण्याची त्यांची सवय होती. कंपनीच्या माहिती सुरक्षा धोरणाचा तो सरळसरळ भंग होता आणि त्या धोरणावर पहिली सही काकांचीच होती. निवृत्तीनंतर आलेल्या गिऱ्हाइकांचे क्रमांक अकाउंट्सवाले बिलांवरून हाताने भरतात. रात्री साडेअकराला विवरणपत्र जाते. मुलीचे नाव तेवढे यावेळी आठवणीने विचारून घेतले जाते आणि सर्व्हरवरच्या कागदावर, ‘बंद करू नये’च्या खाली, पासवर्ड म्हणून ठळक अक्षरांत लिहिले जाते.

काकांच्या त्या एका संध्याकाळचे बिल वर्षभराच्या एएमसीच्या एक चतुर्थांश निघते. त्यातले काकांना किती मिळतात हे विचारण्याचा प्रघात नाही.

वर्ष संपत आले की नूतनीकरण येते. एजन्सी दहा टक्के वाढ मागते, परचेस विभाग दुखावतो आणि चौकशीपत्रे पुन्हा निघतात. मागच्या खेपेला दुसऱ्या क्रमांकावर राहिलेली फर्म या वेळी सर्वांत स्वस्त ठरते, कारण तिने पाहणीला माणूसच पाठवलेला नसतो. प्रणाली आपल्या परिचयाची आहे, असे तिने लिहून दिलेले असते. नवा करार होतो, उंदीर जुन्याच जागी राहतात, एस्कलेशन मॅट्रिक्सवर नवा मोबाइल नंबर येतो. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात, साठा आधी आणि पगार मग असे कुणीतरी केल्यामुळे, मार्च एंड अडकतो आणि नव्या एजन्सीचा टेक्निकल डायरेक्टर स्कूटरवरून येतो. आत सोडण्याआधी नव्या नियमाप्रमाणे वॉचमनला वहीत नोंद करावी लागते: वेळ, नाव, कुणाला भेटायचे, कोणत्या कंपनीकडून. शेवटच्या रकान्यापाशी तो अडतो.

“काका, यंदा कुणाकडनं?”

काका खिशातले ओळखपत्र काढून, चष्मा कपाळावर चढवून वाचून बघतात आणि सांगतात.